कोकण किनारा आणि खाड्या : नेहमीच्या थव्यात लपलेले दुर्मिळ पक्षी कसे शोधायचे?

खाजणवाट

मंडळी, थंडीचा सीझन सुरू होतोय आणि दरवर्षीसारखे मेसेज यायला लागलेत की "किनाऱ्यावर काही रेअर आहे का, लोकेशन टाका". म्हणून म्हटलं एकदा नीट धागाच काढू. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्याला एवढा लांब किनारा, खाड्या, खाजणं, चिखलाची मैदानं मिळालीयेत आणि बहुतेक पक्षीनिरीक्षक मात्र वर्षातून एकदा रोहित (फ्लेमिंगो) बघायला शिवडी-ऐरोलीला जातात, फोटो काढतात आणि घरी. रोहित सुंदरच आहेत, वादच नाही, पण ते हजारोंनी येतात, दुर्मिळ नाहीत. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली ती खाडी, आणि हे सगळं मिळालं त्याच्या मागे रोहितांचा मोठा वाटा आहे हे मान्य. पण त्याच चिखलात रोहितांच्या पायाशी जे छोटे करडे पक्षी पळत असतात ना, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. किनाऱ्यावरचा दुर्मिळ पक्षी लोकेशनवर सापडत नाही, तो वेळेवर सापडतो. भरतीची वेळ कळली आणि नेहमीचे दहा-बारा पक्षी डोळे मिटून ओळखता आले की वेगळा पक्षी आपोआप डोळ्यात भरतो.

तर मी ज्यांच्या मागे असतो ते सांगतो.

पहिला ग्रेट नॉट. जगात धोक्यात आलेला पक्षी आहे, २०१५ पासून लाल यादीत (धोक्यातल्या जातींची जागतिक यादी) 'संकटग्रस्त'. त्याचे मुख्य थांबे पिवळ्या समुद्राकाठी, तिथला चिखल भराव टाकून संपवला म्हणून ही वेळ आली. आपल्याकडे थोडेच येतात आणि ते पाणटिवळ्यांच्या (गॉडविट) नाहीतर ग्रे प्लोव्हरच्या थव्यात मिसळून बसतात. थंडीत अगदी साधा दिसतो, वरून करडा, खालून पांढरा, म्हणून नजर त्याच्यावरून सरकून जाते. बघायचं काय तर छातीच्या बाजूंना गडद ठिपके, चोच काळी, लांबट आणि टोकाला किंचित खाली वाकलेली, आणि उडाला की शेपटीच्या वरचा भाग पांढरट. रेड नॉट त्याच्यापेक्षा लहान, चोच आखूड आणि सरळ, आणि तो भाग बारीक रेघारेघांचा करडा.

दुसरा ऑयस्टरकॅचर. काळा-पांढरा, लालभडक लांब चोच, हा ओळखायला काहीच कष्ट नाहीत पण ठरावीक किनाऱ्यांवरच दिसतो, अलिबागजवळचं आक्षी त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. तिसरा क्रॅब प्लोव्हर, हा आपल्याकडे खरंच क्वचित. कच्छच्या आखातात थव्याने असतो, आखाती देशांच्या बेटांवर वाळूत बीळ खणून अंडी घालतो, बीळ खणून घरटं करणारा किनारपक्षी दुसरा नाही. पांढरं अंग, पाठीवर काळा पट्टा आणि खेकडे फोडायला जाडजूड काळी चोच. आपल्या किनाऱ्यावर एक जरी दिसला तरी ती मोठी नोंद.

बाकी कुरव (गल), सुरय (टर्न), खंड्ये, गरुड यावर खाली बोलूच. ज्यांना जे माहीत आहे ते टाका, पण घरट्यांची जागा टाकू नका प्लीज.

दुर्बीणवाला

मस्त धागा दादा. एक शंका. मी मागच्या वर्षी दोनदा आक्षीला गेलो, दोन्ही वेळा पक्षी इतके लांब होते की दुर्बिणीतून नुसते ठिपके. सकाळी लवकर गेलो होतो तरी. मग नक्की कधी जायचं?

उधाण

@दुर्बीणवाला तुम्ही ओहोटीला गेला असणार. आम्ही कोळी लोक, आमच्या घरात घड्याळापेक्षा तिथी आधी बघतात. सोपा हिशोब सांगतो, तिथीला पाऊण ने गुणा, भरतीचा तास येतो. म्हणजे अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण सहा, सहाच्या सुमाराला भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतं आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते हे लक्षात ठेवा. नक्की वेळ पाहिजे तर भरतीचं कोष्टक मोबाईलवर मिळतंच.

दुसरं म्हणजे सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पुनव-अवसेला उधाण, पाणी पार वरपर्यंत चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भांगाला पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, चिखल बराच उघडा राहतो, मग तुमचे पक्षी कशाला जवळ येतील, ते तिकडेच चरत बसणार.

खाजणवाट

@उधाण दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार, ही माहिती पक्ष्यांच्या पुस्तकात कुठेच मिळत नाही.

याच हिशोबात पक्ष्यांचं गणित बसवून बघा. किनारपक्षी चिखल उघडा असताना चरतात, पाणी चढायला लागलं की मागे मागे सरकतात आणि शेवटी उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर सगळे एकत्र गोळा होऊन बसतात. म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास हे आपले. आता उजेड बघा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून येतो आणि पक्ष्यावर छान पडतो, संध्याकाळी तोच सूर्य डोळ्यात येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तेव्हा सकाळची भरती हवी, आणि ती उधाणाच्या जवळची हवी. द्वादशी-त्रयोदशी! बारा गुणिले पाऊण नऊ, तेरा गुणिले पाऊण पावणेदहा. सकाळी साडेसातला जाऊन वाळूवर शांत बसायचं आणि पाण्याला काम करू द्यायचं, पक्षी पाणीच आणून देतं. पुनवेला पाणी जास्त चढतं हे खरं पण भरती भर दुपारी येते, ऊन डोक्यावर, वाळू तापून हवा थरथरते, दुर्बिणीतून काही धड दिसत नाही.

महिन्यातून दोनदा हा योग येतो, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

पाणथळप्रेमी

+१. मी पण आता सुट्टी बघून नाही तर तिथी बघून जाते, घरचे म्हणतात उपास करतेस का 🙂

कुरवांबद्दल लिहा ना कोणीतरी. मला सगळे सारखेच दिसतात.

ठाणेखाडी

कुरव मी घेतो. घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे मुख्य दोन तपकिरी-डोक्याचा आणि काळ्या-डोक्याचा. थंडीत दोघांचीही डोकी पांढरी असतात आणि कानामागे एक डाग असतो. हे दोन पक्के करा. मोठ्यात ह्यूग्लिन येतो, पाठ गडद राखाडी. या तिघांच्या थव्यात पुढचे दोन शोधायचे.

एक पल्लासचा कुरव. थव्यात सगळ्यात धिप्पाड तो, कपाळ लांब उतरतं असतं त्यामुळे तोंड लांबुडकं दिसतं, डोळ्याभोवती काळसर मुखवटा, आणि मोठ्या पक्ष्याची चोच तीन रंगांची, पिवळी, मग काळा पट्टा आणि टोक लाल. उन्हाळ्याच्या तोंडाला, मार्चच्या आसपास, याचं डोकं पूर्ण काळं होतं तेव्हा तर बघतच राहावं.

दुसरा स्लेंडर-बिल्ड. हा काळ्या-डोक्याच्या कुरवासारखाच वाटतो पण मान लांब, कपाळ उतरतं, डोळा फिकट आणि कानामागचा डाग एकदम पुसट किंवा नाहीच. पोहताना मान पुढे काढून पोहतो ते एकदा बघितलं की विसरत नाही.

सुरय ओळखायचे तर चोचीचा रंग बघा बाकी काही नाही. लालभडक जाड चोच आणि मोठा पक्षी म्हणजे कॅस्पियन. नारिंगी चोच लेसर क्रेस्टेड. पिवळी चोच ग्रेटर क्रेस्टेड. काळी चोच आणि टोकाला पिवळा ठिपका म्हणजे सॅन्डविच. वाळूवर सगळे एकत्र वाऱ्याकडे तोंड करून बसतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त चोची बघत जायचं.

मुरुडची_माई

मी पक्षीतज्ज्ञ नाही पण समुद्राकाठीच आयुष्य गेलंय म्हणून लिहिते. आमच्याकडे पावसाळ्यात वादळवारं झालं की किनाऱ्यावर मोठा पांढरा पक्षी दमून पडलेला सापडतो, चोच मोठी पिवळट, पायाला पडदे. पोरं लगेच उचलून पाण्यात सोडतात. ते बरोबर आहे का? मला बघवत नाही.

खाजणवाट

@मुरुडची_माई माई, फार महत्त्वाचं विचारलंत. तुमच्या वर्णनावरून तो बहुतेक मास्क्ड बूबी असावा, तोंडाभोवती काळा भाग असेल आणि पंखांची मागची कड काळी असेल तर नक्कीच. हा भर समुद्रातला पक्षी, जमिनीवर फक्त बेटांवर घरट्यासाठी येतो. मान्सूनच्या वाऱ्यात दिवसचे दिवस खायला मिळालं नाही की थकून किनाऱ्याला लागतो. त्याला परत पाण्यात सोडायचं नाही, तो पाण्यातूनच दमून आलेला असतो, लाटा पुन्हा आपटतात आणि मरतो. जाड टॉवेल टाकून उचलायचा (चोच धारदार असते, तोंड जवळ नेऊ नका), हवा खेळेल अशा खोक्यात अंधारात ठेवायचा, तोंडात पाणी किंवा मासा कोंबायचा नाही आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला कळवायचं. पोरांना हे तुम्ही सांगितलंत तर ती ऐकतील.

आणि हाच तो सीझन जो पक्षीनिरीक्षक वाया घालवतात. जून ते सप्टेंबर सगळे घरात बसतात, आणि नेमकं तेव्हाच सूटी टर्न, ब्रायडल्ड टर्न, नॉडी, फ्रिगेटबर्ड, शिअरवॉटर असे पक्षी किनाऱ्यावर ढकलले जातात जे एरवी बोटीने आत जाऊन सुद्धा मिळतील याची खात्री नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडात धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं, अशा वादळानंतरचे दोन-तीन दिवस किनाऱ्यावरून एक चक्कर मारावीच. अर्थात वादळ पूर्ण निवळल्यावर आणि खडकांपासून लांब राहून. गावात माणसं छपरं शोधत असताना गळ्यात कॅमेरा घालून फिरायचं नाही, एवढं भान ठेवावं. आधी हात लावावा मदतीला.

लेन्सवाला

समुद्री गरुडाचं घरटं कुठे मिळेल? दापोलीकडे आहे असं ऐकलंय. एक्झॅक्ट पॉइंट कोणी पर्सनलवर देईल का, सहाशे एमएमची लेन्स घेतलीय, पिल्लांचे फोटो पाहिजेत.

ठाणेखाडी

नाही. वरच लिहिलंय.

खाजणवाट

@लेन्सवाला, ठाणेखाडीने थोडक्यात उत्तर दिलंय, मी कारण सांगतो म्हणजे गैरसमज नको. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो, दर सीझनला काटक्यांची भर घालत जातो. किनाऱ्यालगतच्या गावांमधली जुनी उंच झाडं, आंबा, सुरू अशी. झाडाखाली माणसं थांबायला लागली की जोडी घरट्यापासून दूर बसते, तेवढ्या वेळात अंडं तापतं किंवा कावळे येतात, आणि एकदा जागा सोडली की तसं दुसरं झाड मिळेलच असं नाही. मोठी झाडं किती उरलीत किनाऱ्यावर ते बघतोच आपण.

उडताना मात्र मनसोक्त फोटो काढा. हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, खाली मालवणपर्यंत कुठल्याही खाडीच्या तोंडाशी सकाळी उभं राहा. पंख वर उचलून इंग्रजी व्ही सारखे धरून तरंगतो, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, पांढरी. समुद्रसाप पकडून नेताना दिसला तर तो फोटो घरट्याच्या फोटोपेक्षा शंभरपट चांगला.

लेन्सवाला

ओके पटलं. हरिहरेश्वर ट्राय करतो.

सिंधुदुर्गकर

दक्षिणेचं कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी घरटी करते, स्वतःच्या लाळेची. हीच ती घरटी जी परदेशात सूपासाठी विकली जायची, आणि इथून चोरीला जायची. आता लक्ष ठेवलं जातं. त्याच बेटांवर सुरयांची वसाहत पण असते, हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकात तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहून ठेवलंय. बेटावर उतरायचं नाही हे वेगळं सांगायला नको, बोटीतूनच बघायचं, एक पाऊल चुकीचं पडलं की अंडी फुटतात, ती उघड्या खडकावरच असतात.

दुसरं म्हणजे कांदळवनातले खंड्ये. काळ्या टोपीचा खंड्या थंडीत आमच्या खाड्यांत दिसतो. काळं डोकं, पांढरा कॉलर, पाठ जांभळट निळी, पोट तांबूस, चोच लाल. एकटाच चिपीच्या (कांदळवनातलं झाड) फांदीवर तासन् तास बसतो. २०२२ मध्ये हा पण लाल यादीत 'असुरक्षित' झाला. आणि कॉलरवाला खंड्या, हिरवट निळा आणि स्वच्छ पांढरा, हा तर महाराष्ट्रात फार थोड्या खाड्यांत आहे. आवाजाने सापडतो, कांदळवनातून खरखरीत ओरडतो. होडी हळू न्यायची, इंजिन बंद करून वल्ह्यावर.

पाणथळप्रेमी

वा! हे वाचून आत्ताच्या आत्ता निघावंसं वाटतंय.

एक विचारू का, उरणची पाणजे पाणथळ, भांडुप पंपिंग स्टेशन यांना अजून जावं का? बऱ्याच वर्षांत गेले नाही.

ठाणेखाडी

भांडुपला जरूर जा, हिवाळ्यात सकाळी दलदली भोवत्या (मार्श हॅरियर, शिकारी पक्षी) कांदळवनावरून फिरताना दिसतो. उरणचं काय सांगू. पाणथळीला समुद्राचं पाणी आत-बाहेर करायला वाट लागते, ती बुजली की एका सीझनमध्ये चिखलाला भेगा पडतात आणि हजारो पक्षी जातात कुठेतरी. कुठे जातात ते कोणी विचारत नाही. रोहितांचंही तेच, भरतीला त्यांना बसायला नवी मुंबईतल्या पाणथळी लागतात, तिथे जागा राहिली नाही की अंधारात इकडून तिकडे उडत राहतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून एका रात्रीत चाळीसच्या आसपास रोहित मेले, तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

कांदळवन तोडायला आणि त्यावर भराव टाकायला हायकोर्टाने २००५ लाच मनाई केलीय. कुठे डंपर उभा दिसला तर तारीख-वेळेसकट फोटो काढून वनखात्याच्या कांदळवन कक्षाला लेखी कळवा. फेसबुकवर टाकून काही होत नाही, लेखी तक्रारीचा नंबर पडतो.

खाजणवाट

@ठाणेखाडी शंभर टक्के. आणि यात एक गोष्ट अजून जोडतो कारण हल्ली फार दिसायला लागलंय. भरतीला थवा दाटीने बसलेला असताना उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून मुद्दाम त्यांच्यात धावत जाणारे लोक. किंवा कुत्रं सोडणारे. किंवा गाडी वाळूवर पळवणारे. अरे बाबांनो, तो पक्षी तिथे आराम करायला आलाय, खाल्लेलं चरबीत साठवायला. २०२२ मध्ये एका पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याला यंत्र लावलं होतं, जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू, ते अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता गेलं. आपल्याकडे येणारे त्याच जातभाईंपैकी, वाट वेगळी असेल पण इंधन तेच, चरबी. चार वेळा उगाच उडवलं की दिवसभराची कमाई गेली.

२०२४ च्या लाल यादीत ग्रे प्लोव्हर, कर्ल्यू सॅन्डपायपर, ब्रॉड-बिल्ड सॅन्डपायपर हे तिन्ही 'असुरक्षित' मध्ये गेलेत. हे आपले नेहमीचे पक्षी! ठाणे खाडीत बघून न बघितल्यासारखे करतो ते. बारीक चोचीचा कोरल (स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू) तर २०२५ मध्ये नामशेषच जाहीर झाला, शेवटची पक्की नोंद १९९५ ची मोरोक्कोची. म्हणून मी म्हणतो की थव्यात नुसतं दुर्मिळ शोधू नका, साध्यांचाही आकडा लिहा. आज ग्रे प्लोव्हर किती होते हे कोणी लिहिलंच नाही तर वीस वर्षांनी कमी झाले हे कळणार कसं?

दुर्बीणवाला

मोजायचे कसे पण? हजाराचा थवा असतो.

खाजणवाट

दहा पक्षी मोजा आणि दहाचा थवा दुर्बिणीत किती जागा घेतो ते डोळ्यात बसवा. मग त्या मापाने शंभर, मग शंभरच्या मापाने पुढे. मिश्र थवा असेल तर आधी एकूण अंदाज, मग तीन-चार ठिकाणी थोडा थोडा भाग घेऊन कुठली जात किती ते बघा. सरावाने जमतं. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) नुसती फुली मारू नका, अंदाजे का होईना आकडा टाका.

आणि पायात रिंग किंवा झेंडी दिसली तर फोटो काढा. कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कुठला, अक्षर काय, एवढं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, तो पक्षी कुठून आला ते उलगडतं.

पाणथळप्रेमी

स्कोप, म्हणजे ती तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, घ्यावाच लागेल का? दुर्बिणीवर भागेल?

उधाण

भरतीला नीट बसलात तर दुर्बीण पुरते. पाण्याकडे नका जाऊ, पाणी चढतं त्याच्या वरच्या रेषेला आधीच जाऊन बसा आणि हलू नका. पाणी वाढलं की पक्षी तुमच्या बाजूला चालत येतात.

खाजणवाट

@पाणथळप्रेमी उधाण दादा म्हणतात तसंच. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुष्कळ झाली, कुरवांसाठी आणि लांबच्या चिखलासाठी स्कोप लागतो पण तो चार जणांत एक असला तरी चालतं. कपडे मातकट घाला. काही वेगळं दिसलं तर आधी फोटो, कसाही येऊ दे, धूसर चालेल, मग पाठ, मग शेपटीवरचा भाग उडताना, मग चोचीची लांबी डोक्याच्या तुलनेत किती ते लिहून घ्या, ओळख नंतर करता येते. येत्या शुक्ल त्रयोदशीला कोण कोण आक्षीला येतंय ते खाली लिहा, साडेसातला वाळूवर बसलेलो असू, जेट्टीच्या बाजूने नका येऊ, थवा तिकडेच बसतो, सुरूच्या बनातून या.

दुर्बीणवाला

मी येतोय.

मुरुडची_माई

मी नातवाला पाठवते. त्याला ते चोचीचं गणित शिकवा.